गाळलेलं पान

आज एका वाचनगटात कुणीतरी लिहिलं, "हल्ली ग्रीक कथा बायकांच्या तोंडून सांगायची फॅशनच आलीय." खाली हसऱ्या इमोजींची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय.

फॅशन? अहो, इसवी सनपूर्व ४१५ मध्ये युरिपिडीझ या नाटककाराने अथेन्सच्या रंगमंचावर ग्रीकांनी जिंकलेल्या ट्रॉयच्या बायका उभ्या केल्या. शहर बेचिराख, नवरे मेलेले, आणि कोण कुणाची दासी होणार याच्या चिठ्ठ्या निघालेल्या. तेही अथेन्सने मेलोस बेटावरच्या पुरुषांना मारून बायकापोरांना नुकतंच विकलेलं असताना!

आम्हाला बीएला होमरचं 'ओडिसी' हे महाकाव्य होतं. सरांनी घरी परतलेल्या ओडिसियसने केलेली, त्याच्या बायकोशी, पेनेलपीशी, लग्न करायला दारात ठाण मांडून बसलेल्या पुरुषांची कत्तल रंगवून शिकवली आणि पुढच्या तासाला थेट नवरा-बायकोच्या भेटीवर आले. मधलं पान गाळलं. मी ते होस्टेलवर रात्री एकटीने वाचलं. त्या पुरुषांबरोबर झोपल्या म्हणून घरातल्या बारा दासींना आधी प्रेतं उचलायला लावतात, रक्ताने भरलेली मेजं पुसून घेतात. ओडिसियस म्हणतो, तलवारीने मारा. पोरगा टेलेमॅकस म्हणतो, यांना इतकं स्वच्छ मरण नको. मग जहाजाचा दोर बांधून रांगेने फाशी. पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, असं होमर सांगतो. दासींना 'नाही' म्हणायची सोय होती का, हे कुणी विचारत नाही.

हे सगळं शिकवायचं नाही, आणि कुणी लिहिलं की फॅशन!

मान्य, काही पुस्तकं भिकार असतात. नायिका आजच्या मुलाखतीत बोलावं तशा बोलतात. पण म्हणून सगळ्यांनाच झोडपायचं?

सरांवर तेव्हा फार चिडले होते. आता वाटतं, वर्गात निम्म्याहून जास्त मुली, कदाचित सरांनाच ते मोठ्याने वाचणं जड गेलं असेल. तरी वाचायला हवं होतं, सर.

मेलँथो नावाच्या एका दासीला पेनेलपीने पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं, खेळणी दिली होती. पुढे ती उलटली, त्या पुरुषांतल्या युरिमॅकसबरोबर राहू लागली, म्हणजे त्या बाराजणींत ती असणारच. हे घडत होतं तेव्हा पेनेलपी वरच्या मजल्यावर झोपली होती. नंतर तिला मेलँथो दिसली नाही, तेव्हा ती काय म्हणाली? होमरने लिहिलेलं नाही. ते दहाजणींनी दहा प्रकारे लिहू दे, मी सगळी वाचीन.