डीक्यू म्हणजे डेअरी क्वीन

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, म्हणजे निदान दुपारचं जेवण तरी गोड लागेल. पोस्ट लांबणार आहे, घाईत असलेल्यांनी खुशाल पुढे सरकावं.

तर आज शनिवार. जून-जुलैतला शनिवार म्हणजे आमच्या मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत स्विम मीट. पहाटे उठून सँडविचं करायची, फोल्डिंगच्या खुर्च्या डिकीत कोंबायच्या, पोराला झोपेतच स्विमसूट चढवायचा आणि कुडकुडत पूलवर जायचं. इथे राहणाऱ्यांना हे सांगायला नको. तिकडच्या मंडळींसाठी थोडक्यात: कॉलनीचे पूल मेअखेरीस मेमोरियल डेला उघडतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेला बंद होतात. तेवढ्या उन्हाळ्यात प्रत्येक पूलची पोरांची टीम असते, सहा वर्षांच्या चिमण्यापासून अठरा वर्षांच्या घोड्यापर्यंत. शनिवारी सकाळी दुसऱ्या पूलशी सामना, ती ए मीट. आठवड्यात एका संध्याकाळी बी मीट, त्यात सगळ्यांना पोहायला मिळतं. जुलैअखेर खेळ खलास.

यंदा आमच्या टीममध्ये एक नवं मराठी कुटुंब आलंय. मुलगा सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले. आज त्याची पहिली ए मीट, २५ मीटर ब्रेस्टस्ट्रोक. पोरगं बेडकासारखं सुरेख गेलं, दुसरं आलं आणि शेवटी भिंतीला एकच हात लावला. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम लागावे लागतात. कडेला उभ्या पंचबाईंनी हात वर केला. डिस्क्वालिफाय. इथल्या बोलीत डीक्यू.

आमच्या कोचने (कोच म्हणजे कॉलेजात जाणारी पोरगी, चेहऱ्यावर उन्हासाठीचं झिंक क्रीम फासलेली) बारक्यांना सांगून ठेवलंय की डीक्यू झालं तर रडायचं नाही, डीक्यू म्हणजे डेअरी क्वीन (इथली आइस्क्रीमची प्रसिद्ध दुकानं), आइस्क्रीम! हा विनोद इथे जवळपास प्रत्येक टीममध्ये चालतो. तर हे लेकरू मीट संपल्यावर ओल्या टॉवेलात, अनवाणी, तापलेल्या डांबरावर टाचा उचलत पळत आलं, गाडीत एसी लावून लॅपटॉपवर बसलेल्या बाबांकडे. "बाबा, मला डीक्यू मिळालं!"

मोठ्या बहिणीने बाबांना अर्थ सांगितला.

पुढचं मी शब्दशः लिहीत नाही. "एवढे पैसे भरलेत", "दोन हात म्हणजे दोन हात, कळत नाही?", "अख्ख्या टीमसमोर", वगैरे. मी चार गाड्या सोडून खुर्च्या भरत होते. पोराच्या डोळ्यांभोवती गॉगलचे गोल वळ, आणि तो बाबांच्या तोंडाकडे बघतोय. आइस्क्रीम कुठे गेलं, हे त्याला कळतच नव्हतं.

अरे, सात वर्षांचा आहे तो! पावसाळ्यातल्या बेडकाएवढा जीव!

आता हे वाचणारे तुम्ही सगळे म्हणाल, आम्ही असं कधी करणार नाही. माहीत आहे. तुम्ही करणार नाहीच, म्हणून तर माझ्या यादीत आहात. पण तरी एक जुनी गोष्ट सांगते.

चार वर्षांपूर्वी आमचं पहिलं वर्ष. चिरंजीव सात वर्षांचे. माझी आई कोल्हापूरहून उन्हाळ्याला आलेली. तिच्या हिशेबात पोहणं म्हणजे विहीर, पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा आणि काठावरून ढकलणारा मामा. डबा सोडला की पोहायला आलं, विषय संपला. त्या बुधवारी आमची पहिली बी मीट. मी आईला तंबूखाली खुर्चीत बसवलं आणि ऑफिसचा कॉल होता म्हणून गाडीत जाऊन बसले. हो, मीसुद्धा. एसी लावून.

इथे मुलांच्या दंडावर मार्करने चौकट काढून आकडे लिहितात. कितवी शर्यत, कितवी हीट (म्हणजे त्या शर्यतीतली कितवी तुकडी), कोणती लेन. मला हे कोणी सांगितलेलं नव्हतं, मग आईला कोण सांगणार? पोरगं दंडभर काळं काहीतरी लिहून आलं, पाठीवर कुणी मोठ्या मुलाने इंग्रजीत "माझे बुडबुडे खा" असं लिहिलेलं. आई हबकली. "काय गं बाई हे, गोंदवून आलंय पोरगं!" आधी पदर ओला करून घासलं. जाईना. मग पर्समधली खोबरेल तेलाची बाटली काढली. क्लोरीनने नातवाचे केस राठ होतात म्हणून ती बाटली रोज बरोबर असायची. तेलाने पक्क्या मार्करची शाई कशी निघते ते त्या दिवशी आमच्या खानदानाला समजलं. दोन मिनिटांत दंड लख्ख, पाठ लख्ख, पोरगं चोपडलेलं.

पुढे काय झालं असेल? बारक्यांना बाकांवर रांगेत बसवणाऱ्या बाईंनी त्याचं नाव पुकारलं. त्याच्या नावात "ज्ञ" आहे. मेरीलँडमध्ये "ज्ञ"चं काय होतं याची कल्पना करा. आपल्याला बोलावतायत हे त्याला उमगलंच नाही. दंड बघावा तर तिथे खोबरेल. हीट निघून गेली. सहाच्या सहा लेनमध्ये दुसरी पोरं, आणि हा टोपी-गॉगल घालून बाकावर.

थांबा, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आले.

हां. तर मला काय म्हणायचंय, ही समर टीम म्हणजे क्लास नव्हे. आपण मराठी लोक सगळ्याचा क्लास करतो. फी भरली, पोर सोडलं, तासाभराने उचललं, प्रगती काय झाली ते विचारलं. इथे तसं चालत नाही, कारण ही टीम चालवायला कोणी नाहीच. पगारी फक्त कोच. बाकी रांग लावणारे, शर्यत सोडणारे, रिबनवर नावं चिकटवणारे, डोनट विकणारे, सगळे आईबाप. ज्या पंचबाईंनी त्या पोराला बाद केलं, त्या शेजारच्या पूलच्या कुणाच्या तरी आई. त्यांनी त्यासाठी प्रशिक्षण घेतलंय, आणि स्वतःच्या मुलीलासुद्धा त्यांनी असाच हात वर करून बाद केलेलं मी पाहिलंय. त्यांच्यावर राग कसला काढता?

व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एकाने विचारलं, "पैसे जास्त भरले तर व्हॉलंटियरिंग माफ होतं का?" मी उत्तर टाइप केलं आणि खोडलं. ते इथे लिहिते: भल्या माणसा, एकदा टायमर म्हणून उभा राहा. लेनच्या टोकाला, हातात स्टॉपवॉच. भोंगा ऐकून बटण दाबायचं नसतं, दिव्याचा झोत दिसला की दाबायचं, कारण आवाज उशिरा पोचतो. एका लेनला तीन घड्याळं असली तर मधली वेळ धरतात. आणि मग वाकून बघायचं, पाण्यातून एक बोट येतं आणि भिंतीला टेकतं. चष्मा भिजतो, चपला भिजतात. आपलं पोर दुसऱ्याच लेनमध्ये असतं. समोर येतं ते कुणा परक्याचं, धापा टाकत, नाकातून पाणी, आणि पहिलं वाक्य असतं, "किती?" तुम्ही त्याला आकडा सांगता. पहिला आला का शेवटचा, ते बरेचदा विचारतही नाही. गेल्या वेळेपेक्षा कमी की जास्त, तेवढंच त्याला हवं असतं.

गाडीत बसून हे दिसत नाही. मला दिसलं नव्हतं.

बरं, नव्यांसाठी आणखी थोडं, कारण मला कोणी सांगितलं नाही. टीममध्ये घालण्याआधी पोराला निदान पूलचं एक टोक ते दुसरं टोक आधाराशिवाय जाता आलं पाहिजे. पोहणं शिकवण्याचे वर्ग वेगळे असतात. जूनमधलं सकाळचं पाणी बर्फ असतं, पोरं रडतात, दुसऱ्या आठवड्यात थांबतात. ढग गडगडले की सगळे बाहेर आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी पाण्यात नाही, तेव्हा पत्ते बरोबर ठेवा. आठ वर्षांच्या पोराला शेकडो डॉलरचा रेसिंग सूट घेऊ नका. तो चढवायलाच वीस मिनिटं लागतात, आणि यूएसए स्विमिंगने (इथल्या पोहण्याच्या राष्ट्रीय संघटनेने) तर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना आपल्या स्पर्धांत तसले सूट घालायला बंदीच केलीय. आणि हो, शर्यतीआधी ही पोरं जेलोची (जेली करायची) कोरडी पावडर बोटाने चाटतात, जिभा निळ्या-लाल करून फिरतात. त्यात जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांची हाडं-कातडी. शाकाहारी घरांनी काय ते आधीच ठरवा. माझ्या आईला मी हे अजून सांगितलेलं नाही, आणि तुमच्यातल्या कुणी सांगितलंत तर बघा.

कुणीतरी कमेंटमध्ये लेडेकी काढणारच, म्हणून मीच काढते. हो, केटी लेडेकी इथलीच, बेथेस्डाची. सहाव्या वर्षी याच काउंटीच्या लीगमध्ये एका पूलच्या समर टीममधून पोहायला लागली, आणि आज तिच्याकडे ऑलिंपिकची नऊ सुवर्णं आहेत. मान्य. पण तेव्हा ती शेजारपाजारच्या मुलांबरोबर उन्हाळा घालवायला आलेली एक चिमुरडी होती. नववं सुवर्ण डोळ्यांपुढे ठेवून सात वर्षांच्या पोराला पार्किंगमध्ये उभं करणाऱ्यांना लेडेकीचं नाव घ्यायचा हक्क नाही. आमच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनेही २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ मिळवलं, म्हणून काय रंकाळ्याकाठचं प्रत्येक पोर रागवून घ्यायला जन्मलंय?

तर खोबरेलाची गोष्ट. ती मी दर वर्षी पॉटलकला सांगते, सगळे हसतात, आईसुद्धा. पण मी तिचा शेवट सांगत नाही. आज सांगते.

कॉल संपवून मी आले तेव्हा पोरगं बाकावरच होतं. शर्यत चुकली हे कळल्यावर मी त्याला हाताला धरून पार्किंगमध्ये नेलं. याच पार्किंगमध्ये. आणि "लक्ष कुठे असतं तुझं", "सगळी पोरं गेली, तुलाच कसं कळलं नाही", "मी ऑफिसची कामं टाकून येते", हे सगळं बोलले. कामं टाकून! तासभर गाडीत बसून कामच करत होते मी. दंडावरचे आकडे पुसले गेलेत, हे मला रात्री आंघोळीच्या वेळी कळलं, जेव्हा आई अभिमानाने म्हणाली, "बघ कसं स्वच्छ केलं." त्याने आजीचं नाव सांगितलं नव्हतं. सात वर्षांचा होता, आणि त्याने आजीला वाचवलं.

म्हणजे आज चार गाड्या पलीकडून मी ज्या माणसाकडे डोळे वटारून बघत होते, त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की माझ्या वेळी कुणी बघत नव्हतं. आणि त्या बाबांचंही खरं आहे म्हणा, शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडावा लागणाऱ्याला ऑफिसमध्ये काय ताण आहे, कुठल्या व्हिसाची टांगती तलवार आहे, मला काय माहीत. पोराला सहा वाजता उठवून आणलं तर होतं त्याने.

तरी आइस्क्रीम द्यायला हवं होतं. यावर मी ऐकणार नाही.

मी तिथे काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? कुणाला तरी सांगायचं म्हणून इथे तुम्हाला सांगतेय. बुधवारी बी मीटला मी चार नंबर लेनवर टायमर आहे, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. त्या बाबांना मेसेज केलाय, "दादा, बुधवारी टायमिंगला याल का? काही यायला लागत नाही, मी दाखवते." अजून दोन निळे टिक आहेत फक्त.

आई गेल्या वर्षापासून येत नाही, गुडघे धरलेत. पण मीटच्या दिवशी आमच्या सकाळच्या साडेआठला, म्हणजे तिकडे संध्याकाळी सहाला, तिचा व्हिडिओ कॉल येतो. चिरंजीव आता अकरा वर्षांचे, मिशीची स्वप्नं बघणारे, चारचौघांत आईचा हात धरत नाहीत. पण फोनसमोर दंड मात्र धरतात. आज आईने चष्मा पुसून एकेक आकडा मोठ्याने वाचला. चौदा. एक. पाच. वाचून झाल्यावर विचारलं, "तेल नाही ना लावलंस?"

"नाही आजी," म्हणाला, आणि पळाला.