वचन पाठ असणं आणि वचन उघडणं

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय नाताळात वाचताना आपण मागी लोकांजवळ, पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांजवळ, थांबतो. माझ्या मते थांबायला हवं ते शास्त्र्यांजवळ, धर्मशास्त्राच्या यहुदी जाणकारांजवळ. ख्रिस्त कुठे जन्मणार, असं हेरोद राजाने विचारताच त्यांनी मीखा संदेष्ट्याचं वचन काढून दिलं, बेथलेहेमात. उत्तर अचूक. यरुशलेमेहून बेथलेहेम जेमतेम ९ किलोमीटर, नागपुरातल्या सीताबर्डीहून कामठीपेक्षाही जवळ. तरी त्यांच्यापैकी कुणी तिकडे गेल्याचं मत्तय लिहीत नाही. गेले ते परदेशी मागी.

वचन समजायला पवित्र आत्म्याची, म्हणजे देवाच्या आत्म्याची, मदत लागते ती इथे. शब्दार्थ अभ्यासाने कळतो, पण ते वचन माझ्यावर हक्क सांगतंय हे मान्य करायला मन तयार नसतं. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला (२:१४) ‘स्वाभाविक’, म्हणजे आत्म्याविना असलेला, मनुष्य अडाणी असतोच असं नाही. आध्यात्मिक गोष्टी त्याला मूर्खपणाच्या वाटतात, म्हणून तो त्या स्वीकारत नाही.

लूकाचा २४वा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचा. पुनरुत्थानानंतर येशू अम्माऊस गावाच्या वाटेवर ज्या दोघा शिष्यांना भेटला, त्यांना मोशे आणि संदेष्ट्यांची पुस्तकं लहानपणापासून ठाऊक होती. प्रभूने त्यांना नवं पुस्तक दिलं नाही, तेच समजावून सांगितलं. ‘उघडणे’ या अर्थाचं एकच ग्रीक क्रियापद लूक इथे तीनदा वापरतो: ३१व्या वचनात डोळे, ३२व्यात शास्त्र आणि ४५व्यात शिष्यांचं मन. शास्त्र उघडलं आणि मन बंद राहिलं, तर माणूस हेरोदाच्या शास्त्र्यांसारखाच राहतो.

पण ‘आत्म्याने दाखवलं’ म्हणून मागचंपुढचं न वाचता अर्थ लावणं मला अजिबात मान्य नाही. यिर्मया २९:११ कितीतरी घरांच्या भिंतीवर असतं: हिताचे संकल्प, आशा. त्याच्या वरचंच वचन वाचा. बाबेलातल्या बंदिवासात ७० वर्षं जातील, असं तिथे लिहिलंय, आणि ५व्या वचनात घरं बांधा, बाग लावा असं सांगितलंय. दोनच वर्षांत सुटका होईल म्हणणारा संदेष्टा हनन्या आधीच्याच अध्यायात खोटा ठरतो. संदर्भ सोडला की आपण नकळत हनन्याचंच ऐकायला लागतो. येशूची परीक्षा घेताना मंदिराच्या शिखरावर सैतानानेही ९१वं स्तोत्र म्हटलंच होतं, त्यातले ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळून.

म्हणून आधी स्तोत्र ११९:१८ ची प्रार्थना करा, ‘माझे डोळे उघड’. घाईने नको. हे मागणारा नियमशास्त्रावर १७६ वचनांचं स्तोत्र रचणारा माणूस आहे, तरी मागतो. मग पूर्ण अध्याय मोठ्याने वाचा, दुसऱ्यांदा पंडिता रमाबाईंच्या भाषांतरातून. जिथे शब्द वेगळे पडतात तिथे थांबा. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ सांगणारं पुस्तक, त्यानंतर. आधी उघडला की आपण वचन ऐकतच नाही, त्याबद्दलची मतं ऐकतो. शेवटी वहीत एकच ओळ लिहा, आज काय करायचं. ती ओळ कधीच टोचत नसेल तर प्रार्थनेकडे परत या.

आणि अडलं तर विचारा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (अध्याय ८) हबशी राणीचा खजिनदार रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता, ५३वा अध्याय. त्याला स्वर्गातून आवाज आला नाही. आत्म्याने फिलिप्प या सुवार्तिकाला रथाजवळ जायला सांगितलं, अर्थ समजावायला. तुमच्या मंडळीतल्या पाळकांना किंवा एखाद्या म्हाताऱ्या आजींना रविवारी उपासनेनंतर १० मिनिटं मागा.