लेकायला जाऊ?

सकाळपासून डोकं भणभणतंय. इथल्या, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या, आमच्या मराठी ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "मुलांशी मराठी बोला, नाहीतर व्हायकिंगांसारखी गत होईल. आले, मिसळले, नामोनिशाण उरलं नाही." त्यावर धडाधड अंगठे!

अहो, यॉर्कशायरमध्ये राहून हे लिहिता? हजारेक वर्षांपूर्वी डेन्मार्क-नॉर्वेकडून समुद्रमार्गे आलेले ते व्हायकिंग इथेच तर वसले.

आम्ही लीड्सला आलो तेव्हा लेक पाच वर्षांची होती. शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलं, "इज शी लेकिन आउट?" मला तेवढं 'लेक' कळलं. वाटलं, या बाईंना मराठी येतं की काय! नंतर उलगडलं. इथल्या बोलीत 'लेकिन' म्हणजे खेळणं, मूळ नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं, 'लेइका'. व्हायकिंगांनी इथलं यॉर्क शहर घेतलं ८६६ साली. त्यांचा शब्द त्या आजींच्या तोंडी अजून जिवंत, आणि तुम्ही म्हणता नामोनिशाण नाही?

व्हिटबी, सेल्बी या इथल्या गावांच्या नावातलं 'बी' म्हणजे त्यांची वस्ती, आपली वाडी म्हणा. यॉर्कच्या कॉपरगेटला वेस नाही. 'गेट' म्हणजे त्यांच्या भाषेत रस्ता, लाकडी पेले घडवणाऱ्यांची आळी ती. इंग्रजीतले एग, नाइफ, विंडो त्यांचेच. अगदी 'दे' (they, म्हणजे 'ते') सुद्धा! सर्वनाम कोणी बाजारातून उसनं आणतं का? एका चुलीवर जेवल्याशिवाय ते होत नाही. 'हजबंड' हा शब्दही त्यांचाच. मूळ अर्थ घरधनी.

हो, ते तलवारी घेऊन आले, मठ लुटले. १००२ साली इंग्लंडच्या एथेलरेड राजाने इथल्या डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या, लोकांच्या कत्तलीचा हुकूम काढला, म्हणजे सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. आणि त्यांची भाषा इथून गेली, हेही खरं. ते मलाही लागतं. माझी लेक माझ्या आईशी फोनवर अडखळत बोलते तेव्हा पोटात तुटतं. त्या गृहस्थांचंही तसंच होत असेल. सकाळी त्यांना फार तोडून बोलले, तेवढं नको होतं.

पण मुलांना धाक कसला घालता? धाकाने भाषा टिकते होय?

त्या आजी मागच्या हिवाळ्यात गेल्या. शेवटी शेवटी आमच्याकडे जेवायला यायच्या, वरणभात पुरेसा झाला की ताटावर हात आडवा धरून म्हणायच्या, "पुरे, लव्ह." त्यांचा नातूही आता 'पुरे'च म्हणतो.

आत्ता हे टाइप करतेय तोवर लेक बूट घालून दारात उभी. "आई, लेकायला जाऊ?"

जा म्हटलं.