'क्वाइट गुड' म्हणजे नक्की किती?

लंडनच्या ऑफिसातून 'क्वाइट गुड' असा शेरा आला की आमच्या हिंजवडीच्या टीममध्ये दोन तट पडतात. नवी पोरं पार्टीचं बोलायला लागतात. आम्ही जुनी खोडं गुपचूप तीच फाइल पुन्हा उघडून चुका शोधायला लागतो. लंडनचं 'क्वाइट गुड' म्हणजे लग्नात जेवून उठलेल्या आत्याबाईंचं 'बरं होतं हो सगळं'. तोच शेरा शिकागोहून आला असेल तर मात्र खुशाल पेढे मागवावेत. अमेरिकन माणसाचं 'क्वाइट' बरंचसं 'व्हेरी'च्या पंगतीला बसतं. म्हणजे मजकूर वाचण्याआधी मेल कोणत्या देशातून आला ते पाहायचं.

बरं, लंडनच्या 'क्वाइट'चा तरी एकच भाव असावा? तोही नाही. 'क्वाइट गुड' म्हणजे बेताचं चांगलं, पण 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे बेताचं अशक्य नव्हे, साफ अशक्य! व्याकरणवाले म्हणतात, चांगलं हे कमी-जास्त असू शकतं, अशक्य तसं नसतं. म्हणून 'क्वाइट' एका ठिकाणी पाणी घालतं आणि दुसऱ्या ठिकाणी शिक्का मारतं. पटतं. फक्त रात्री साडेनऊच्या कॉलवर, घरी आमटी गार होत असताना, सुचत नाही.

शाळेत आमच्या मनावर बिंबवलं होतं की इंग्रजी ही काटेकोर भाषा. मराठी माणूस 'जरा', 'थोडं', 'बऱ्यापैकी' असं मोघम बोलतो, साहेब कसा मोजून बोलतो बघा! मोजून बोलत असेलही, पण माप कोणाला दाखवत नाही.

त्याच शाळेत 'रिमूव्ह टू' नावाचा प्रश्न असायचा. 'ही इज टू वीक टु वॉक' यातला 'टू' काढा. मग आम्ही 'सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' असं लिहून एक मार्क खिशात घालायचो. महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी त्या अशक्त माणसाची वाक्यरचना बदलली. त्याला एक घोट पाणी कोणी दिलं नाही. धडा एवढाच की 'टू' म्हणजे प्रमाणाबाहेर, आणि त्याच्या मागोमाग नकार येणार. शाळा सुटली आणि आम्ही सगळे म्हणायला लागलो, 'काय मिसळ आहे यार, टू गुड!' व्याकरणाने पाहिलं तर ही मिसळ इतकी चांगली आहे की ती खाताच येत नाही. आमच्या टीममधल्या एका उत्साही पोराने लंडनच्या मॅनेजरबाईंच्या प्रेझेंटेशनवर 'टू गुड, मॅम' अशी दाद दिली. बाईंचं उत्तर आलं, 'फॉर व्हॉट?' पोरगं आठवडाभर कॅमेरा बंद ठेवून कॉलला बसत होतं.

अंतराचे शब्द तरी सरळ असतील असं वाटलं होतं. 'फार' तर आपलाच वाटतो. 'फार बेटर' म्हणजे फारच बरं, हे चौथीतल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. दोन्ही 'फार'चं रक्ताचं नातं काही नाही, पण शेजारधर्म उत्तम पाळतात. घोळ होतो तो पुढच्या पायरीवर, 'फार्दर' आणि 'फर्दर' ही जुळी भावंडं भेटली की. नियम असा पाठ केला होता: मैल मोजायचे तर 'फार्दर', नुसतंच प्रकरण पुढे न्यायचं तर 'फर्दर'. म्हणून सरकारी कागदावर 'अनटिल फर्दर ऑर्डर्स' असतं. त्यात आपल्या जिभेवर 'फार्दर'मधला मधला र विरघळतो आणि 'नाशिक इज फादर दॅन लोणावळा' असं होऊन नाशिकला उगाच वडीलकी येते.

या नियमासाठी आम्ही हातावर पट्ट्या खाल्ल्या. अमेरिकेत तो अजून बराचसा पाळतात म्हणे. पण इंग्लंडात फाउलर नावाच्या व्याकरणकाराने १९२६ सालीच लिहून टाकलं होतं की दोन कामांना दोन शब्द वापरणारा माणूस जवळजवळ सापडतच नाही. ज्याला त्याला एकच शब्द पुरतो, आणि बहुतेकांना तो 'फर्दर'. शिवाय दोघांत वयाने थोरलाही 'फर्दर'च. म्हणजे खुद्द इंग्रजांनी सोडून दिलेला नियम आमच्या मास्तरांनी पट्टीच्या जोरावर जिवंत ठेवला होता.

माझ्या मते सगळ्यांत धोकादायक शब्द म्हणजे 'अ बिट'. हा विनोद नाही. एप्रिल १९५१, कोरियातली इमजिन नदी. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या पलटणीला चिनी सैन्याने घेरलं होतं. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन जनरलला कळवलं ते असं सांगतात: 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.' इंग्रजी कानाला याचा अर्थ होता, आम्ही संपत आलोय. अमेरिकन कानाला तो 'जरा अडचण आहे, पण निभावतंय' असा लागला. पलटण जागची हलली नाही, आणि जवळजवळ सगळी मारली किंवा पकडली गेली. तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, बाईंच्या मेलमध्ये 'अ बिट कन्सर्न्ड' दिसलं की मी रजेचा अर्ज मागे घेतो.

याला काहीच धरबंध नाही का? आहे. पण तो फक्त बुडण्याची भीती असलेल्यांकडे. ब्रिटनमध्ये रेडिओवर जहाजांसाठी हवामान सांगतात. त्यातल्या वादळाच्या इशाऱ्यात 'इमिनंट' म्हणजे ६ तासांच्या आत, 'सून' म्हणजे ६ ते १२ तासांत आणि 'लेटर' म्हणजे १२ तासांनंतर. तिथे 'गुड'लासुद्धा माप आहे: ५ सागरी मैलांच्या पलीकडचं दिसत असेल तरच दृश्यमानता 'गुड'. आपलं हवामान खातंही मागे नाही. 'फेअर्ली वाइडस्प्रेड' पाऊस म्हणजे ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर पाऊस. ज्या 'तुरळक ठिकाणी'ला आपण वर्षानुवर्षं हसतो, तीही २५ टक्क्यांपर्यंत अशी मोजलेली आहे. दिवसभरात ६४.५ मिलिमीटर पडला तर 'हेवी', ६४.४ पडला तर 'मॉडरेट'. आमच्या सोसायटीचं पार्किंग दोन्हींत सारखंच बुडतं, पण ते पाण्याला कळत नाही त्याला खातं काय करणार!

हे तक्ते मी डेस्कसमोर चिकटवले आणि हौसेने वापरायलाही लागलो. एप्रिलात बाईंना पगारवाढीचं विचारलं होतं. उत्तर आलं, 'यू विल हिअर सून.' मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'कोणाची सून?' मी तिला तक्ता समजावला: ६ ते १२ तास. त्या रात्री मी फोन उशाशी घेऊन झोपलो. बायको दुसऱ्याच दिवशी सोफासेट बघून आली.

गणपती बसले तरी काही आलं नाही, म्हणून पुन्हा आठवण केली. या वेळी बाईंनी 'शॉर्टली' लिहिलं. हा शब्द कुठल्याच तक्त्यात नाही. सोफ्याच्या दुकानदाराला बायकोनं कळवलंय, अनटिल फर्दर ऑर्डर्स.