तुमचे केस सुधारले हे खरं, पण श्रेय अंड्याला नको

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना त्यातलं एक वाक्य नजरेत भरलं आणि राग पळाला. त्या वाक्याकडे येतेच.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘खराब झालेला केस दुरुस्त होत नाही’ असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ताई म्हणतात, हे साफ खोटं. सहा महिने दर आठवड्याला अंडं आणि कोरफड लावली आणि झाडूसारखे झालेले त्यांचे केस मऊ झाले. मी घरगुती उपायांची टिंगल करते, लोकांना कंडिशनरच्या बाटलीकडे ढकलते, असा आरोप आहे. शिवाय ‘आमच्या आजीने कुठे कंडिशनर लावला होता?’ हा टोलाही.

टिंगलीचं आधी मान्य करते. ‘स्वयंपाकघरातलं काहीबाही डोक्याला फासणं म्हणजे वेळेची नासाडी’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. ते उद्धट होतंच, शिवाय अर्धं चूकही होतं. खोबरेल तेलाला ते लागू होत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल शेजारी शेजारी तपासली होती. केसांतून निघून जाणारं प्रथिन कमी झालं ते फक्त खोबरेलाने, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळसोट असतो, म्हणून तो केसाच्या आत शिरू शकतो आणि मग धुताना केस पाण्याने कमी फुगतो. दर वेळी फुगणं आणि आकसणं हीसुद्धा केसाची झीजच असते. म्हणजे हे तेल होणारं नुकसान कमी करतं. झालेलं भरून काढतं असं मात्र मी आजही म्हणणार नाही.

कारण त्वचेबाहेर आलेल्या केसात जिवंत पेशीच नसतात. बोट कापलं तर जखम भरते, कारण तिथे रक्त पोचतं, नव्या पेशी तयार होतात. केसाच्या टोकापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. केसावर कौलांसारखे एकावर एक बसवलेले सहा ते दहा थर खवले असतात आणि सगळ्यात वर स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ लेप. ब्लीच केलं की तो लेप जातो, आतले गंधकाचे बंध तुटतात आणि केस पाणी शोषणारा, चरबट होतो. गेलेला लेप केस स्वतः पुन्हा तयार करू शकत नाही. दुभंगलेलं टोक कशानेही कायमचं चिकटत नाही. तिथे कात्रीच.

आता अंडं. त्यातल्या प्रथिनांचे रेणू केसात शिरण्याच्या मानाने फारच मोठे. ते वरच बसतात आणि धुतल्यावर वाहून जातात. बलकातल्या स्निग्धतेमुळे केस त्या दिवशी गुळगुळीत लागतात, हे खरं. (गरम पाण्याने धुतलंत तर काय होतं ते मी अनुभवलंय. केसांतून शिजलेल्या अंड्याचे कण वेचत बसले होते.) कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. दोन्हींनी तुमचं काही बिघडणार नाही. आवडत असेल तर खुशाल लावा.

पण ताई, तुम्हीच पुढे लिहिलंय, ‘याच काळात मी स्ट्रेटनर कपाटात टाकला आणि दोनदा टोकं कापून घेतली.’ हेच ते वाक्य! सहा महिने चाललेला खरा उपाय तुम्ही जाता जाता, कंसात टाकावा तसा सांगून गेलात.

हिशेब करून बघा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांत मुळाशी सहा सेंटिमीटर नवे केस आले आणि त्यांनी स्ट्रेटनर पाहिलेलाच नाही. खालून दोनदा सगळ्यात झिजलेला भाग गेला. तीस सेंटिमीटर लांब केसाचं टोक अडीच वर्षांचं असतं. अडीच वर्षांतलं प्रत्येक धुणं, खसाखसा पुसणं, प्रत्येक चटका त्याने सोसलेला असतो. त्यात स्ट्रेटनर किंचित ओल्या केसावर फिरवला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात आणि तिथून तो तुटतो. ते सगळं तुम्ही थांबवलंत. म्हणजे जुने केस बरे झाले नाहीत. त्यांचा वाईट भाग गेला आणि चांगले केस वाढले. तुमचा अनुभव खरा आहे, माझं भांडण फक्त श्रेय कुणाला यावर आहे.

कंडिशनरबद्दल एवढंच, की खराब झालेल्या जागी केसावर ऋण भार जास्त असतो आणि कंडिशनरमधले घटक धन भाराचे असतात. त्यामुळे ते नेमके तिथेच जास्त चिकटतात. ही मलमपट्टीच आहे, पुढच्या धुण्यापर्यंतची. पण तेवढ्याने गुंता कमी होतो आणि विंचरताना कमी केस तुटतात. मी कुठल्या कंपनीचं नाव घेतलेलं नाही, घेणारही नाही. आणि आजीला कंडिशनर लागला नाही, कारण तिने ब्लीच केलं नव्हतं, २०० अंशांची पट्टी केसांवरून फिरवली नव्हती. माझी फजिती सांगू? मी तीन महिने शॅम्पूऐवजी खायच्या सोड्याने डोकं धुतलं होतं. ‘नैसर्गिक’ म्हणून. सोडा अल्कधर्मी, केसाचे खवले त्याने उचलले जातात. शेवटी बोटभर टोकं कापावी लागली.

एका बाबतीत मात्र ठाम विरोध नोंदवते. प्रतिक्रियांमध्येच तुम्ही एकीला कोंड्यावर लिंबू चोळायला सांगितलंत. खाजवून सोललेल्या त्वचेवर इतकं तीव्र आम्ल झोंबतं, आणि तसंच उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळे डागही पडू शकतात. कोंड्यामागे बहुतेकदा त्वचेवरच्या तेलावर जगणारी बुरशी असते. त्यासाठी किटोकोनाझोलचा शॅम्पू असतो. कोंडा असेल तर तेलसुद्धा मुळांना चोळू नये, फक्त लांबीला लावावं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला खरं तर सगळ्यात महत्त्वाचा वाटला: मुलीला तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला, आता मूठभर केस गळताहेत, तिला अंडं लावू की कांद्याचा रस?

दोन्ही नको. कांद्याच्या रसावर २००२ साली एक छोटा अभ्यास झाला होता, पण तो चाई पडलेल्या, म्हणजे गोल चट्ट्यांत केस गेलेल्या लोकांवर. तुमच्या वर्णनावरून मुलीचं तसं दिसत नाही. रोज ५० ते १०० केस तसेही जातात. मोठ्या तापानंतर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत गळती आपोआप ओसरते. तोवर घट्ट वेण्या घालू नका, ओले केस ओढून विंचरू नका, आणि गुंता रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवा. कुठे गोल चट्टा दिसला, त्वचा लाल झाली किंवा सहा महिन्यांनंतरही गळती थांबली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते बहुधा लोह आणि थायरॉइडची रक्ततपासणी सांगतील. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी तसं जरूर सांगा, नाहीतर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.