'सिंथ भंगारात घाला' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी दुपारी इचलकरंजीचा एक पोरगा मंगळवार पेठेत माझ्याकडं आला. मोटरसायकलवर मागं आडवी बांधलेली बॅग, बॅगेत पाच सप्तकांचा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, स्वतः आवाज तयार करणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. "दादा, ह्यो विकायचा हाय. कोण घेईल?" का विकायचा, तर कॉम्प्युटरला जोडता येत नाही म्हणून. जोडता येत नाही हे कुणी सांगितलं, तर मोबाइलनं. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या आणि भजनी मंडळांच्या ग्रुपांवर गणपतीपासून एक मेसेज फिरतोय. तुम्हाला आला नसेल तर थोडक्यात असा:

"कीबोर्डवाल्यांनो, सावधान! १) यूएसबी-मिडी वायरनं आवाज पातळ होतो, भारीतली वायरच घ्या. २) पाच पिनांचं मिडी १९८३ चं, आता मेलं, यूएसबी नसलेला सिंथ भंगारात घाला. ३) जोडताना इनला इन, आउटला आउट. ४) मिडीत लॅग असतोच. ५) एक स्वर दोनदा वाजला तर बोर्ड गेला समजा. ६) ड्रायव्हर टाकला की बाकी सगळं आपोआप. ७) मिडीवर मींड येत नाही, आपल्या संगीताला ती चालत नाही."

यातलं १९८३ हे साल बरोबर आहे. बाकीचं एकेक बघू.

आवाज पातळ होण्याचं आधी घेतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मिडी म्हणजे वाद्यांनी आणि कॉम्प्युटरनं एकमेकांना निरोप द्यायची भाषा. तिच्या वायरीतून आवाज जातच नाही. तुम्ही मधली पांढरी एक दाबली की वायरीतून तीन बाइट जातात: अमुक चॅनलवर स्वर दाबला, तो ६० नंबरचा, आणि एवढ्या जोरानं. जोर १ ते १२७ यांत मोजलेला. बोट उचललं की तसाच दुसरा निरोप. बासरी वाजवायची की व्हायोलिन, हे पलीकडचं यंत्र ठरवतं. बंदिशीची स्वरलिपी कागदावर लिहून एसटीनं सांगलीला पाठवली आणि तिथल्या गायकाचा आवाज बसका निघाला, तर दोष एसटीला देणार का? आवाज पातळ वाटत असेल तर सॉफ्टवेअरमधला टोन बदला, किंवा लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्पीकरला गेलेली वायर तपासा.

स्वस्त वायरी सगळ्या चांगल्या असतात असं मात्र मी म्हणत नाही. मधे मिडीचं यूएसबी करणारी छोटी डबी असलेल्या काही वायरी लांबलचक निरोप, म्हणजे सिंथमधले सगळे पॅच (जपलेले टोन) एकदम कॉम्प्युटरवर जपून ठेवताना जातो तसला सिस्टिम एक्सक्लुझिव्ह डेटा, मधेच गाळतात. काहींत एखादा स्वर सुटायचा निरोप हरवतो आणि तो स्वर भोंग्यासारखा लागून राहतो. मिडीची खराब वायर अशी ओळखू येते: निरोप गळतात, स्वर अडकतात. टोन मात्र आहे तसाच राहतो. या पोराला एका दुकानदारानं सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांची वायर गळ्यात मारली होती. पिना चकचकीत होत्या, एवढं खरं.

आता भंगाराचं. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथ एका वायरीनं जोडून वाजवून दाखवले गेले. एक कंपनी अमेरिकेची, दुसरी जपानची, दोघीही एकमेकींच्या स्पर्धक. एकीचे डेव्ह स्मिथ आणि दुसरीचे इकुतारो काकेहाशी यांना पुढं २०१३ मध्ये याच कामासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. १९८३ सालीच आलेला यामाहाचा डीएक्स-७ कुणाच्या माळ्यावर असेल तर तो आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतो. मधे फक्त यूएसबी-मिडीची डबी लागते. २०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं, तेही जुन्या मिडीला सांभाळून घेऊनच. चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आज कशाला जोडता येतो सांगा.

उलट मंडपात वाजवणाऱ्यांना पाच पिनांचा एक मोठा फायदा आहे. मिडीच्या 'इन' सॉकेटमागं ऑप्टोकपलर असतो. आत आलेला सिग्नल एक छोटा दिवा पेटवतो आणि समोरचा सेन्सर तो उजेड वाचतो. म्हणजे दोन यंत्रांत निरोप जातो, पण विजेचा थेट संबंध येत नाही. यूएसबीनं सिंथ आणि लॅपटॉप जोडलात की दोघांचं अर्थिंग एकमेकांत मिसळतं. दोघंही एकाच मिक्सरला लागलेले, मंडपातली वायरिंग कुणी कशी केली देव जाणे, आणि मग स्पीकरमधून घुंईं सुरू होतं. लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबतं, हा अनुभव अनेकांना आहे. पाच पिनांची वायर अशा वेळी त्या वाटेनं येणारी घूं येऊ देत नाही. (हल्ली काही छोट्या यंत्रांना हेडफोनसारखं बारीक मिडी सॉकेट असतं. त्याच्या जोडणीचं मानक २०१८ मध्ये ठरलं, त्याआधीच्या यंत्रांत पिनांची जोडणी दोन प्रकारची आहे. ॲडॉप्टर घेताना 'ए' की 'बी' ते विचारून घ्या.)

इनला इन हे चूकच. सिंथच्या तोंडातून निघालेलं कॉम्प्युटरच्या कानात गेलं पाहिजे: सिंथचा आउट डबीच्या इनमध्ये, डबीचा आउट सिंथच्या इनमध्ये. गोंधळ होण्याचं कारण वेगळं आहे. स्वस्त वायरींच्या पिनांवर 'इन' छापलेलं असतं ते बहुतेक वेळा डबीच्या बाजूनं, म्हणून ती पिन सिंथच्या आउटमध्ये जाते. पण काही कंपन्या ती जिथं खुपसायची त्या भोकाचं नाव छापतात. चालत नसेल तर अदलाबदल करून बघा. उलटं लावल्यानं काही जळत नाही.

लॅगवर, म्हणजे की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिरावर, जरा थांबतो, कारण लॅग येतो हे खोटं नाही. मिडीमुळं येतो हे खोटं आहे. पाच पिनांच्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटच्या आठ बिटांना पुढचा-मागचा एकेक धरून १० बिट लागतात, म्हणजे एक बाइट ०.३२ मिलिसेकंदात जातो आणि तीन बाइटचा स्वर ०.९६ मिलिसेकंदात. एक मिलिसेकंद सुद्धा नाही. दहाही बोटांनी एकदम कॉर्ड दाबलीत तर शेवटचा स्वर पहिल्यापेक्षा आठ-नऊ मिलिसेकंद मागं राहील, एवढं मी कबूल करतो. पण स्पीकरपासून तीन मीटरवर उभं राहिलात तर हवेतून आवाज यायलाही जवळजवळ नऊ मिलिसेकंद लागतात, आणि त्याबद्दल कुणी मेसेज फिरवलेला नाही.

खरा उशीर होतो कॉम्प्युटरमध्ये. सॉफ्टवेअर आवाज थोडा थोडा साठवून मग बाहेर सोडतं, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० तुकडे (सॅम्पल) धरले तर, १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, आणि हे फक्त बाहेर पडताना. २५६ केलात की सहाच्या खाली, १२८ ला तीनच्या खाली. विंडोजवर साध्या साउंड ड्रायव्हरऐवजी (ड्रायव्हर म्हणजे यंत्राशी बोलायला कॉम्प्युटरला लागणारा प्रोग्रॅम) कमी उशिराचा आसिओ ड्रायव्हर निवडायचा आणि बफर कमी करत जायचा, कडकड ऐकू आली की एक पायरी वर. वाजवताना कमी, शेवटचं मिक्सिंग करताना जास्त, असं बदलत राहायचं असतं. आमच्या इचलकरंजीकरानं तर लॅपटॉपला ब्लूटूथ स्पीकर लावला होता! ब्लूटूथमध्ये शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. तबल्याची थाप सोमवारी दिली तर मंगळवारी ऐकू यायची, आणि शिव्या मिडीला.

सहावा मुद्दा आधी घेतो. 'ड्रायव्हर टाकला की आपोआप' या एका वाक्यामुळं लोकांनी सर्वांत जास्त संध्याकाळी वाया घालवल्या असतील. पहिलं म्हणजे बऱ्याच सिंथना ड्रायव्हर लागतच नाही, कॉम्प्युटर त्यांना स्वतःच ओळखतो. काहींना कंपनीचाच लागतो, आणि काहींत मेनूत जाऊन यूएसबीचा प्रकार निवडावा लागतो. दुसरं, वायर कुठं लावली? कीबोर्डच्या पाठीमागं दोन यूएसबी असतील तर प्रिंटरसारखं चौकोनी भोक कॉम्प्युटरसाठी. चपटं भोक पेनड्राइव्हचं, तिथं काही बोलणं होत नाही. बारीक यूएसबीच्या छोट्या कीबोर्डांना लोक मोबाइल चार्जिंगची वायर लावतात. तिच्यात कधी कधी फक्त विजेच्या तारा असतात. दिवा लागतो, डेटा शून्य.

हे सगळं जमलं तरी ड्रायव्हरनं फक्त रस्ता उघडला. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर असो, क्यूबेस असो की एफएल स्टुडिओ, सेटिंगमध्ये जाऊन मिडी इनपुट चालू करायला लागतं. मग ट्रॅक घ्यायचा, त्याचं इनपुट तो सिंथ असं निवडायचं, रेकॉर्डचं लाल बटण आणि मॉनिटर दाबायचं. उलट दिशेनं, म्हणजे कॉम्प्युटरनं सिंथ वाजवायचा असेल तर ट्रॅकचं आउटपुट सिंथ, आणि चॅनल तोच जो सिंथ ऐकतोय. चॅनल १६ असतात. सिंथ २ वर कान लावून बसलाय आणि तुम्ही ५ वर हाका मारताय, तर तो ओ देणार नाही. जनरल मिडी या टोनांच्या ठरलेल्या क्रमवारीत १० नंबरचा चॅनल तालवाद्यांचा, तिथं सूर पाठवलात तर ड्रम वाजतात. पॅचच्या नंबरात एकाचा फरक दिसला तर घाबरू नका: वायरीतून ० ते १२७ जातात, काही स्क्रीनवर १ ते १२८ दिसतात.

आणि सिंथचा आवाज कॉम्प्युटरमध्ये हवा असेल तर सिंथच्या लेफ्ट-राइट आउटपासून साउंडकार्डापर्यंत वेगळी ऑडिओ वायर लागतेच. काही नव्या सिंथमध्ये एकाच यूएसबीतून मिडी आणि आवाज दोन्ही येतात. गैरसमज वाढायला त्यांचाही हातभार आहे.

अडलात तर आधी मिडी मॉनिटर, म्हणजे आलेले निरोप स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम, उघडा. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर. की दाबली आणि ओळ उमटली तर वायर, ड्रायव्हर, सिंथ तिन्ही बरोबर. भानगड सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. फक्त नंतर तो मॉनिटर बंद करा. विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरात एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम धरून बसतो, मग दुसऱ्याला सिंथ सापडत नाही. आणि काही न दाबता स्क्रीनवर 'एफई'ची रांग धावायला लागली तर सिंथ बिघडलेला नाही. त्याला ॲक्टिव्ह सेन्सिंग म्हणतात. 'मी आहे, मी आहे' असं काही सिंथ सारखं सांगत असतात.

मींड येत नाही म्हणणाऱ्यानं पिच बेंड, म्हणजे स्वर वर-खाली ओढायचं चाक किंवा दांडी, बहुतेक हातात धरलेला नाही. व्हॉल्यूम वगैरेला १२८ पायऱ्या असतात, पण पिच बेंडला १६,३८४. नेहमीची मर्यादा वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर. ती बारापर्यंत वाढवली तरी एक पायरी अर्धस्वराच्या सहाशेव्या भागापेक्षा लहान पडते, कानाला जिना जाणवत नाही. फक्त ही मर्यादा सिंथ आणि सॉफ्टवेअर दोन्हींत सारखी ठेवा, नाहीतर 'ग' वरून 'म' ला निघालेली मींड 'प' च्याही पुढं जाऊन पोचते. खरी अडचण दुसरी आहे: बेंड अख्ख्या चॅनलला लागतो, म्हणून सोबत दाबलेला षड्जही सरकतो. त्याला उपाय म्हणजे तंबोरा वेगळ्या चॅनलवर. हाताला मींड जमते का, हा प्रश्न वायरीचा नाही, मर्दा, रियाजाचा.

राहिला पाचवा, स्वर दोनदा वाजण्याचा. की दाबली की सिंथ स्वतः वाजतो. तोच निरोप सॉफ्टवेअरकडं जातो, सॉफ्टवेअर तो परत सिंथकडं धाडतं आणि सिंथ पुन्हा वाजतो. दोन आवाज एकमेकांवर चढतात, टोन नळीतून आल्यासारखा होतो, आणि एकदम वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्याही निम्मी होते. बोर्डाला काही झालेलं नसतं. सिंथच्या मेनूत 'लोकल कंट्रोल' नावाची सोय आहे, ती बंद करायची. मग की आणि आतला आवाज यांची फारकत होते आणि सिंथ फक्त बाहेरून आलेला निरोप ऐकतो.

याचा दुसरा धडा मला कागलजवळच्या एका लग्नात मिळाला. आदल्या रात्री घरी रेकॉर्डिंग केलेलं, लोकल बंद. काही कीबोर्ड बंद-चालू केले की लोकल परत येतो, माझ्यात तो बंदच राहतो. नवरी मंडपात आली, मी कॉर्ड दाबली, कीबोर्ड मुका. दोन वायरी बदलल्या, मिक्सरवाल्याशी भांडलो, नवऱ्याच्या मामानं विचारलं, "काय, लाइट गेली काय?" ऑक्टोपॅडवाल्यानं तेवढा वेळ एकट्यानं ओढून नेला.

रविवारी त्या पोराचा सिंथ मी विकू दिला नाही. पाठीमागं पाच पिनांची दोन भोकं धडधाकट होती, माझ्याकडची जुनी डबीवाली वायर त्याला दिली, ब्लूटूथ स्पीकर बंद ठेवायला सांगितलं. रात्री साडेदहाला फोन आला.

"दादा, वाजतंय! पण दोनदा वाजतंय."

"लोकल बंद कर."

थोडा वेळ नुसती बटणं ऐकू आली. "झालं."

"वरातीला कधी जायचंय?"

"परवा."

"मग परवा निघायच्या आधी चालू कर."

"लिहून चिकटवतो कीबोर्डवरच," म्हणाला आणि फोन ठेवला.