बोअरला डिझेलचा वास आणि ग्रुपवरचे सल्ले

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने लिहिलं की बोअरच्या पाण्याला डिझेलसारखा वास यायला लागलाय. घर सोलापुरातच, एका जुन्या पेट्रोल पंपाच्या मागच्या गल्लीत. त्यावर जे सल्ले आले ते वाचून डोकंच फिरलं. एक म्हणे चार दिवस मोटर चालू ठेव, वास जातो. दुसरा म्हणे धुण्या-भांड्याला वापर की, प्यायला उजनीचं हायच. तिसरा सिव्हिल इंजिनिअर, तो म्हणे आपली काळी माती चिकट, तेल खाली उतरूच देत नाय. मी इकडून अमेरिकेतून लिहिलं की आधी पाणी लॅबला द्या, पंपाची जमिनीत पुरलेली टाकी तपासायला लावा, तर लगेच उत्तर आलं, "तू तिकडं बसून शिकवू नको."

शिकवत नाहीये रे, पण काळ्या मातीचं हे ऐकून गप्प बसवत नाही. मे महिन्यात शेतात जाऊन बघा, हात आत जाईल एवढ्या भेगा असतात, आणि जिथे ही माती वरवरची आहे तिथे टाकीचा खड्डा सरळ मुरमात जातो, त्याच्याखाली आपला काळा खडक, आणि खडकाच्या ज्या फटींतून बोअरला पाणी येतं त्याच फटींतून तेल पण येणार ना? डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत राहतं, उन्हाळ्यात पातळी खाली गेली की खाली जाऊन खडकाला चिकटतं, पावसाळ्यात परत वर येतं. म्हणजे वास गेला म्हणून तेल गेलं असं होत नाही. उलट चार दिवस मोटर चालवली तर आजूबाजूचं तेल आपणच आपल्या बोअरकडे ओढून घेतो. आणि पेट्रोल असेल तर त्यातलं बेन्झिन पाण्यात विरघळतं, ते कॅन्सरकारक आहे, हे धुण्या-भांड्याचा सल्ला देणाऱ्याला कोण सांगणार?

मी हे डोळ्यांनी बघितलंय. इथे न्यू जर्सीत, एडिसनला आम्ही घर घेत होतो तेव्हा टँक स्वीपमध्ये, म्हणजे पुरलेली टाकी आहे का हे शोधायच्या तपासणीत, अंगणाखाली हीटिंग ऑइलची (घर गरम करायच्या तेलाची) जुनी टाकी निघाली. क्लोजिंग, म्हणजे खरेदीच्या सह्या, पुढे ढकललं. एक्सकॅव्हेटरने टाकी वर काढली तर खालच्या बाजूला मोहरीएवढी भोकं, गंजून पडलेली, बस्स तेवढीच. पण खालची माती राखाडी-हिरवट झालेली आणि वास असा की रेशनच्या रॉकेलच्या लायनीत उभं असल्यासारखं वाटलं. खड्ड्याच्या तळातून आणि कडांवरून माती बाटल्यांत भरून बर्फात ठेवून लॅबला गेली, रिपोर्ट खराब आला म्हणून अजून खणलं, खराब माती ट्रकने गेली, बाहेरची स्वच्छ माती आली, आणि साफसफाई झाल्याचं राज्य सरकारचं लेटर हातात आल्यावरच सह्या झाल्या. खर्च विकणाऱ्या आजींनी केला, त्यांच्या इन्शुरन्सने नाही म्हटलं होतं. मला वाईट वाटलं, पण टाकी त्यांची होती, खर्च त्यांनीच करायचा हे बरोबरच होतं.

ग्रुपवर कोणीतरी टाकलं की अमेरिकेत सगळ्यात जास्त सुपरफंड साइट्स (सरकारच्या यादीतल्या अतिदूषित जागा) तुमच्या न्यू जर्सीतच आहेत. आहेत, मान्य. पण त्या शोधल्या, मोजल्या, म्हणून आकडा तरी आहे. इथे १९८४ साली पुरलेल्या टाक्यांचा कायदा झाला, १९८८ ला नियम आले, जुन्या पंपांना डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली की टाकी सुधारा, बदला नाहीतर बंद करा. जिथे मालक सापडत नाही तिथल्या साफसफाईसाठी गॅलनमागे सेंटचा दहावा भाग टॅक्स घेतात, पंपावर कोणाला कळत पण नाही. आपल्याकडे पण काहीच नाही असं नाही. २०२० पासून नवा पंप शाळा, दवाखाना, वस्तीपासून ५० मीटर लांब पाहिजे, अगदीच जमत नसेल तर ३०. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियमसुद्धा आले, ज्याने घाण केली त्याने खर्च द्यायचा असं त्यात स्पष्ट आहे. मग गल्लीतल्या माणसाने एक अर्ज करायला काय हरकत आहे? ग्रुपवर उत्तर काय, तर पंपवाला ओळखीचा आहे.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. "तिकडं बसून." जुळे सोलापुरात आमच्या घरी पण बोअर आहे, आई-बाबा तेच पाणी वापरतात, आणि ते पाणी कधी लॅबला गेलेलं नाही, कारण फोनवर विषय काढला की बाबा म्हणतात तू तुझं बघ. एडिसनच्या अंगणातल्या मातीचा रिपोर्ट माझ्या फाइलमध्ये आहे, पण त्या अंगणात मी अजून पाहुण्यासारखा वावरतो, काही बिघडलं तर जिवाला लागत नाही. सोलापूरचं लागतं. गड्ड्याच्या यात्रेचे फोटो टाकले की मी तुमचा, टाकी तपासा म्हटलं की मी परका, हे मला मान्य नाही.

त्या मित्राला मी वेगळा मेसेज केला. पाणी काचेच्या बाटलीत काठोकाठ भर, वर हवा राहू देऊ नको, थंड ठेव, आणि टीपीएच (पाण्यात एकूण पेट्रोल-डिझेलचा अंश किती) आणि बेन्झिनची टेस्ट सांग, पैसे मी देतो. त्यानंतर अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पंपाच्या तेल कंपनीला दोघांना, पोच घेऊन. तो म्हणाला गल्लीतल्या दोघा-तिघांना विचारतो. मी म्हटलं विचार, पण रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी घरात वापरू नको.